आधी अक्षर, मग वेलांटी

कॉम्प्युटर आणि विंडोज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर कितीतरी वर्षं मी कॉम्प्युटरवर काम करत होते, त्यावर पोट चालवत होते. बटण दाबलं की स्क्रीन उजळते, तेच खिडकीचं चित्र येतं, मग आपलं काम सुरू होतं, एवढं मला ठाऊक होतं. ते चित्र काढून दुसरं काही बसवता येतं हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं.

टायपिंगकडे मी संपामुळे आले. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले आणि वर्ष होतं न होतं तोच गिरण्या थांबल्या. आमचे हे साचाखात्यात होते, मागावर. सासूबाईंची घरातच खानावळ होती. जेवायला येणारे सगळे गिरणीतले, बायकामुलं गावी ठेवून आलेले. संप लांबला तसे ते एकेक करून निघून गेले आणि खानावळीची मोठी पातेली माळ्यावर गेली. हेही काही महिने देवगडकडे, आमच्या गावी जाऊन राहिले. मी दहावी झालेली होते. दादरच्या एका क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकायला लागले. परीक्षा पास झाले, जुना टाइपरायटर घेतला आणि घरी कामं करू लागले. वकिलांचे कागद, हौशी मंडळांची नाटकं, कोणाकोणाचे प्रबंध. गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही. यांनी पुढे फोर्टात एका इमारतीवर वॉचमनची नोकरी धरली, ती निवृत्त होईपर्यंत केली.

नंतर टाइपरायटरची कामं आटली तेव्हा मी परळच्या एका छापखान्यात लागले. मालकांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि म्हणाले, "घाबरू नका. की-बोर्ड तुमचाच आहे, फक्त कागद समोर उभा आहे." ते खरं होतं. मराठी फॉन्टची मांडणी टाइपरायटरसारखीच होती. पंधरवड्यात माझा हात बसला. फाइल, एडिट, सेव्ह हे शब्द मी वाचत नव्हते. ते कुठे असतात हे लक्षात ठेवलं होतं. इंग्रजी माझं कच्चंच होतं, पण अडलं नाही.

छापखान्याची जागा विकली गेली, मालक यंत्रं घेऊन भिवंडीकडे गेले. मला तिकडे जाणं शक्य नव्हतं. मुलगी नर्सिंगच्या कोर्सला होती, घर चालायला हवं होतं. तेव्हा आमच्या दोन खोल्यांत सासूबाई, आम्ही आणि धाकटे दीर-जाऊ असे राहत होतो. धाकटी जाऊ ठाकूरद्वारची, बी.कॉम. झालेली. आजूबाजूच्या दुकानदारांचे हिशेब ती घरी लिहायची. आमचं भांडण कधी झालं नाही, पण स्वयंपाकापुरतं बोलणं असायचं. ती हुशार आहे हे मला दिसायचं आणि ते तिलाही ठाऊक होतं. तिनेच एकदा भाजी निवडता निवडता म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कॉम्प्युटर हवाय, मलाही हवाय. एकच घेऊ या का?"

लॅमिंग्टन रोडच्या एका असेंबलवाल्याकडून आम्ही जुना कॉम्प्युटर जोडून घेतला. पलंगाच्या पायथ्याशी टेबल लावलं. सकाळी माझी पाळी, दुपारनंतर तिची. त्याने आत विंडोज घालून दिलं, कुठल्या तरी उतरवलेल्या सीडीवरून. ते विकत घ्यायचं असतं हे आम्हा दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

माझी गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन यायची आणि त्यातून व्हायरस यायचे. कॉम्प्युटर मंद व्हायचा, मग बंद पडायचा. असेंबलवाला येऊन सगळं पुसून पुन्हा घालून द्यायचा. दरवेळी आमचं काही ना काही जायचं. माझ्या गिऱ्हाइकाने पेन ड्राइव्ह काढला की जाऊ हातातलं काम थांबवून बघत राहायची.

याच सुमारास शिवाजी पार्कचे एक सर माझ्याकडे काम घेऊन आले. शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, उंच, हळू बोलणारे. आईच्या तोंडचे जुने शब्द त्यांनी जमवले होते. रत्नागिरीकडच्या घरातले, गोठ्यातले, आजारपणातले, रागाचे. त्याचं पुस्तक करायचं होतं. मी पहिली काही प्रकरणं टाइप करून दिली. त्यांनी ती परदेशात असलेल्या मुलाला पाठवली आणि चार दिवसांनी एक छापील कागद घेऊन आले. त्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या घातलेले काही आकार होते. मराठी एक अक्षर नव्हतं.

"बाई, मुलाकडे हे असं दिसतंय."

"त्याच्याकडे आपला फॉन्ट नसेल सर."

"फॉन्ट नसला की मराठी नाही?"

"नाही दिसत."

सरांनी कागद उलटसुलट केला. "म्हणजे आपण मराठी लिहिलंच नव्हतं. इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातले होते."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं टाइप केलेल्या सगळ्याचंच ते तसं होतं. सरांनी मग युनिकोडबद्दल सांगितलं. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळे ते जगात कुठेही मराठीच दिसतं. ते आमच्या विंडोजमध्येही चालू करता येणार होतं, पण त्यासाठी मूळ सीडी लागत होती आणि आमच्याकडे ती कधीच नव्हती. सर स्वतः घरी विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम वापरत होते. पुढच्या वेळी त्यांनी त्याची सीडी आणून दिली. "ही घाला आणि कॉम्प्युटर परत सुरू करा. काही पुसलं जाणार नाही. नुसतं बघा."

घरी बसून आम्ही सगळ्यांनी बघितलं. वेगळ्या रंगाची स्क्रीन आली. यांनी विचारलं, "हे किती दिवसांसाठी देतात?"

"कायमचं. फुकट आहे."

"फुकट कोण देतं?"

मी सरांनी सांगितलं होतं तसं सांगितलं, की जगभरचे लोक मिळून ते लिहितात आणि वाटतात. यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. "मग बिघडलं तर कोणाकडे जायचं?" हा प्रश्न रास्त होता.

जाऊ म्हणाली, "वहिनी, चालतंय ते कशाला बदलायचं? माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर यात चालणार नाही. मी विचारलंय."

ती बरोबर होती. तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत होतं, दुकानदारांचे सीए तेच मागत होते. पुढचे आठ-दहा दिवस मी काही ठरवलं नाही. सरांचं काम सोडून द्यावं असंही मनात आलं. पण ते शब्द मला आवडायला लागले होते. त्यांतले काही सासूबाईंच्या तोंडी जसेच्या तसे होते, काही थोडे वळण बदलून. एक शब्द त्यांना वाचून दाखवला तर त्या म्हणाल्या, "ह्या माझी आवस म्हणायची," आणि बराच वेळ आईबद्दल बोलत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांची आई मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेवटी मी सरांना विचारलं की दोन्ही ठेवता येतील का. ते म्हणाले, येतील. एकाच डिस्कचे दोन भाग करायचे. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. सुरू करताना कॉम्प्युटर विचारतो, कुठे जायचं.

एका रविवारी सर स्वतः आले. जिना चढून दम लागला होता, तर सासूबाईंनी आधी पाणी आणि गूळ दिला. जाऊने आदल्या दिवशी तिचं सगळं सीडीवर उतरवून घेतलं होतं, तरी ती माझ्या खुर्चीला खेटून उभी राहिली. सर म्हणाले, "मी सांगतो, करायचं तुम्ही. मी केलं तर तुम्हाला येणार नाही." डिस्कचा आडवा पट्टा स्क्रीनवर आला. माउसने त्याची कड धरून सरकवायची होती, अमुक भाग हिचा, अमुक माझा. मी अर्ध्यावर आणून ठेवली. जाऊ म्हणाली, "वहिनी, माझं काम वाढतंय." मी कड थोडी माझ्या बाजूला सरकवली. ती म्हणाली, "बास, एवढं पुरे."

सासूबाई मागून बघत होत्या. आमच्या बाहेरच्या खोलीत दिरांच्या लग्नात घातलेलं प्लायचं पार्टिशन होतं. त्या म्हणाल्या, "आता त्याच्यात पण पार्टिशन घातलंस गो?" सर मोठ्याने हसले. पुढच्या प्रश्नावर मला 'होय' दाबायचं होतं आणि बोट काही खाली जाईना. सरांनी घाई केली नाही. जाऊ म्हणाली, "दाबा. माझं सगळं उतरवलेलं आहे." मी दाबलं. ते चालू असताना सासूबाईंनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. जेवणं होईपर्यंत दोन्ही भाग जागेवर होते आणि जाऊने तिचं विंडोज दोनदा उघडून, एकेक दुकान तपासून खात्री केली.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. लिनक्समध्ये मराठीची मांडणी माझी नव्हतीच. टाइपरायटरवर अक्षर तुकड्यातुकड्यांनी जुळवायचं असतं, अर्धं अक्षर मारायचं आणि मग काना. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी येते. इथे अक्षर आधी, मग वेलांटी, कारण तोंडाने आपण तसं बोलतो. सरांना हे फार शास्त्रशुद्ध वाटायचं. माझ्या बोटांना ते पटत नव्हतं. 'दिवस' लिहायला गेले की वेलांटी आधीच पडायची आणि रिकाम्या गोलावर लटकत राहायची. वीस वर्षांत ज्या बोटांकडे मी पाहिलं नव्हतं त्यांच्याकडे पाहून टाइप करायला लागले. एका पानाला सकाळ जायला लागली. एकदा मी की-बोर्ड ढकलून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

हे रात्रपाळी करून सकाळी येत. अंघोळ, चहा झाला की पेपर वाचून मग झोपत. त्या दिवशी पेपर घेऊन गॅलरीत आले आणि म्हणाले, "अगो, मी वाचतो, तू लिही. नाहीतरी मी वाचतोच."

तेव्हापासून ते पलंगावर बसून मोठ्याने पेपर वाचायचे आणि मी टाइप करायचे. पहिल्या पानापासून सुरू करायचे, बाजारभाव, कोण कुठे वारलं, सगळं. माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचे. मला चिडचिड झाली तर तेच वाक्य पुन्हा वाचायचे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. पावसाळा संपेपर्यंत माझी बोटं नव्या घरात राहायला लागली. टाइपरायटरइतका वेग मात्र पुढच्या वर्षी आला.

याच दिवसांत मी सरांच्या सांगण्यावरून सगळ्या सिस्टीमची भाषा मराठी केली आणि फार गोंधळले. जिथे फाइल होतं तिथे धारिका, एडिटच्या जागी संपादन. मी शब्द वाचून काम केलंच नव्हतं, ओळखीच्या आकारावर केलं होतं, आणि तो आकार गेला. मातृभाषेतच मी हरवले. पुन्हा इंग्रजी करावं म्हणून शोधत होते तर मागून हे वाचायला लागले. "जतन करा. रद्द करा. कचरापेटी. बाहेर पडा." पेपर वाचतात तसंच, एका सुरात. मग म्हणाले, "हे सगळं इथे लिहिलेलं असतं होय?"

इतके दिवस त्या स्क्रीनकडे ते बघत होते, पण त्यांच्यासाठी त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं शिक्षण गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत झालेलं. मी भाषा तशीच ठेवली. महिनाभर मला त्रास झाला, मग सवय झाली.

जाऊचं आणि माझं मात्र त्या सुरुवातीच्या पानावरून खटकायचं. कॉम्प्युटर चालू केला की दोन नावं दिसायची आणि थोडा वेळ थांबून तो आपोआप पहिल्या नावात शिरायचा. पहिलं नाव लिनक्सचं होतं. ती चहाचा कप ठेवून येईपर्यंत वेळ निघून जायचा. "वहिनी, परत तुमच्या घरात शिरले," ती म्हणायची आणि बंद करून पुन्हा चालू करायची. पहिल्यांदा हसून म्हणाली, नंतर हसणं कमी झालं. मी सरांना विचारून क्रम बदलला, तिचं नाव वर घेतलं. तिला न सांगता बदललं. दोन दिवसांनी तिने फक्त एवढं म्हटलं, "आता बरं पडतं."

पुढच्या वर्षी जुलै महिन्यात, रिटर्न भरायच्या धावपळीत, तिचा भाग उघडेनासा झाला. निळी स्क्रीन यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सीडीवर उतरवलेलं मागच्या वर्षीचं होतं, या वर्षीचे सगळे हिशेब आत. असेंबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पुसून परत घालावं लागेल. जाऊ पलंगावर बसली. तिला मी कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा उतरला होता, पण रडत नव्हती.

मी म्हटलं, "माझ्या बाजूने बघू या का?"

"तुमच्या बाजूने माझं कसं दिसेल?"

मला खात्री नव्हती. लिनक्समध्ये शिरून तिची डिस्क उघडायला गेले तर एक इंग्रजी निरोप आला आणि उघडायला नकार मिळाला. जाऊने तो वाचला. "म्हणतंय, मागच्या वेळी नीट बंद झालं नाही म्हणून उघडत नाही." आम्ही सरांना फोन लावला. त्यांनी काळी खिडकी उघडायला सांगितली, ज्यात नुसतं टाइप करायचं असतं. जाऊने फोन कानाला धरला. सर एकेक अक्षर सांगत होते, ती मला सांगत होती, मी टाइप करत होते. इंग्रजी अक्षरं तिची, बोटं माझी.

"आता पासवर्ड टाका म्हणतायत."

"टाकतेय, पण काही दिसत नाही. टिंबं पण नाहीत."

तिने फोनवर विचारलं. "दिसत नाही म्हणतात. टाकत राहा."

अक्षरं दिसत नसतानाच मी तो टाकला. खिडकीत दोन ओळी आल्या आणि मग डिस्क उघडली. तिचे फोल्डर तिथे होते, दुकानांच्या नावांनी, जसेच्या तसे. जाऊने स्क्रीनवर बोट ठेवून ती नावं एकेक मोजली. मग ती म्हणाली, "आधी कॉपी करा वहिनी. मग बघू." पेन ड्राइव्हवर सगळं उतरेपर्यंत तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तिच्या ते लक्षातही नसावं.

त्यानंतर तिने विंडोज विकत घेतलं, पावतीसकट, आणि अँटीव्हायरसही. लिनक्सवर काही ती आली नाही. मीही कधी आग्रह केला नाही. तिच्या कामाला ते योग्य होतं, माझ्या कामाला हे. पण दुपारची पाळी संपली की उठायच्या आधी ती विचारायची, "तुमचं सुरू करून ठेवू?" आणि ठेवायची. स्वयंपाकाव्यतिरिक्तही आमचं बोलणं व्हायला लागलं. तिच्या माहेरच्या वाडीत लहानपणी एकटीच मुलगी कशी गणिताला पुढे होती, हे तिने मला तेव्हा सांगितलं.

सरांचं पुस्तक पुढच्या दिवाळीच्या आधी पुरं झालं. मुलाकडे पाठवलं तर या वेळी सगळं मराठी दिसलं. त्याने तिकडून फोन करून वडलांना एक पान वाचून दाखवलं. सर मला सांगत होते, "त्याला पुष्कळ शब्द माहीत नव्हते बाई. पण उच्चार बरोबर करत होता."

चाळ पुढे पाडली, नवी इमारत होईपर्यंत आम्ही संक्रमण शिबिरात गेलो. सासूबाई तिथेच वारल्या. दीर-जावेने ठाण्याला घर घेतलं. जुना कॉम्प्युटर घेऊन जा म्हटलं तर ती म्हणाली, "तुम्हीच ठेवा, मला ऑफिसचा लॅपटॉप मिळालाय." तिला एका फर्ममध्ये चांगली नोकरी लागली होती. जाताना तिने स्वतःच तिचा भाग पुसायला सांगितला. मी पुसला आणि तेवढी जागा माझ्याकडे आली. त्या जागेचं करायचं काय हे मला बरेच दिवस सुचलं नाही.

ती जागा यांनी भरली. हे निवृत्त झाले होते आणि रात्रपाळीमुळे सुटलेल्या भजनी मंडळात पुन्हा जायला लागले होते. मंडळातल्या माणसांची नजर कमी झालेली, जुन्या वह्यांतलं कोणाला दिसेना. एके दिवशी हे कॉम्प्युटरपुढे बसले आणि म्हणाले, "क कुठे आहे तेवढं दाखव." दोन बोटांनी एकेक अभंग टाइप करायला लागले. त्यांच्या बोटांना टाइपरायटरची सवय नव्हती, त्यामुळे अक्षर आधी की वेलांटी आधी हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. जे उच्चारतात त्या क्रमाने दाबत गेले. चुकलं की मला हाक मारत नाहीत, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचतात आणि त्याप्रमाणे करतात.

पहिली प्रत छापून मंडळात नेली तर तक्रार आली की अक्षर बारीक आहे. घरी येऊन त्यांनी ते मोठं केलं. एका पानावर जेमतेम एक अभंग मावायला लागला. पुढच्या आठवड्यात पखवाजवाल्यांनी आणखी मोठं मागितलं, तेव्हा हे म्हणाले, "तेवढा चष्मा बदलून घ्या म्हणावं," आणि तरीही बसून मोठं करत राहिले.